रंगाखाली बुजलेला खण

मी एक जुनी शिवणपेटी आहे, पण आज मला बघून तुम्ही तसं म्हणणार नाही. अंगावर निळा चकचकीत रंग, त्यावर पांढरी फुलं, कडेने आरशांचे तुकडे आणि सोनेरी लेस. सांगवीच्या आमच्या घरी पाहुणे आले की सगळ्यांत आधी माझ्याकडे बघतात. मित्रांनो, या थाटात मी दोन महिने कोंडलेली होते. ते कसे, ते ऐका.

मला आबाजी सुतारांनी घडवलं. कुणाच्या तरी दाराची चौकट करून उरलेलं सागवान त्यांच्याकडे पडून होतं, त्यातून मी झाले. वर झाकण, आत रिळं, सुया आणि हुकांसाठी चौकोनी घरं, आणि तळाशी बोटभर उंचीचा एक खण. त्या खणाला मूठ बसवायला आबाजी निघाले, तेव्हा जयवंताबाई म्हणाल्या, "आबाजीदादा, मूठ नगं. माझा पदर अडकतुया." म्हणून माझा खण बिनमुठीचा राहिला. खालून बोट घालायचं आणि ओढायचा. ते फक्त जयवंताबाईंना जमायचं, आणि खरं सांगते, मला त्याचा भारी तोरा होता.

जयवंताबाई गावातल्या बायकांचे झंपर शिवत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे टेपावरचे आकडे त्यांना वाचता येत नसत. मग त्यांनी स्वतःची रीत काढली. बाई माप द्यायला आली की एक जाड दोरा घ्यायचा, खांद्यापासून सुरुवात करायची आणि एकेका मापाला एकेक गाठ मारायची. खांदा, छाती, कंबर, बाही, गळा. पाच गाठी झाल्या की दोऱ्याच्या टोकाला त्या बाईच्या पहिल्या झंपराची चिंधी बांधायची, म्हणजे दोरा कुणाचा ते कळतं. असे सगळे दोरे माझ्या खणात असत. कुणी अंगाने भरली, कुणी बाळंतपणानंतर वाळली, तर जयवंताबाई गाठ सोडून पुढेमागे सरकवत. अर्ध्या गावाच्या बायका माझ्या पोटात होत्या म्हणा ना.

पुढे बारामतीला शिवणाची मोठी दुकानं झाली. तयार कपडे आले. माझ्याकडचं काम आटलं, पण जयवंताबाई रोज दुपारी, घरचे सगळे रानात गेले की, मला उघडत. फॉल लावायचा नाहीतर हुक तुटलेला असायचा, आणि काहीच नसलं तरी खण ओढून दोऱ्यांवरून हात फिरवायच्या. मला तेवढं पुरत होतं.

यंदा उन्हाळ्यात त्या चूल पुसता पुसता कोसळल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. घरची पुरुषमाणसं तिकडेच राहिली, घरी उरली त्यांची सून स्वरूपा. पोरगी मनाने चांगली, हे मी आधीच सांगून ठेवते. सासू घरी येईल तेव्हा तिला काहीतरी छान दिसावं, असं तिच्या मनात आलं. मोबाईलवर जुन्या वस्तूंना नवं रूप देण्याचे व्हिडिओ ती बघत असे. तिची नजर माझ्यावर पडली.

तिने वरची रिळं आणि सुया बिस्किटांच्या डब्यात काढून ठेवल्या. मग काचकागदाने मला घासलं. तळाशी आडवी रेघ दिसली तशी ती मोबाईलवर नवऱ्याला म्हणाली, "पेटीला खाली मोठी फट पडलीया बघा. लांबी भरून घेते." लांबी म्हणजे रंगारी भेगा बुजवायला जो लगदा भरतात तो. मित्रांनो, ती फट नव्हती, तो माझा खण होता! मूठ नाही म्हटल्यावर तिला तरी कसं कळावं? तिने बोटाने दाबून दाबून लांबी भरली. वर उसाच्या ट्रॉलीला लावून उरलेल्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. त्यावर फुलं काढली आणि शेवटी वॉर्निश मारलं. लाकडाचं रंध्रन् रंध्र बुजलं. सगळे दोरे आत राहिले, अंधारात.

जयवंताबाई घरी आल्या. खाटेवर बसवल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली, ती शोकेसवर माझ्यापाशी थांबली. डावा हात उचलून त्या म्हणाल्या, "खण."

घरात केवढा आनंद! दवाखान्यातून आल्यावरचा तो पहिला शब्द. सासूला आत्या म्हणणारी स्वरूपा धावत गेली आणि कपाटातून ओटीत आलेला हिरवा खण घेऊन आली. "हे घ्या आत्या, खण."

जयवंताबाईंनी तो ढकलून दिला. "खण," त्या पुन्हा म्हणाल्या.

मग लाल खण आला. मग इरकली. जयवंताबाईंचे यजमान सर्जेराव बारामतीला जाऊन जरीकाठाचा खण घेऊन आले आणि मोठ्या हौसेने त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी तो जमिनीवर फेकला. आपल्या भाषेत कप्प्यालाही खण म्हणतात आणि चोळीच्या कापडालाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण झंपर शिवण्यात जन्म गेलेली बाई खण मागते म्हटल्यावर दुसरा अर्थ कुणाच्या ध्यानातच आला नाही.

एकदा स्वरूपाने मलाच त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. मला वाटलं, सुटले! जयवंताबाई डाव्या हाताच्या नखाने माझा तळ खरवडू लागल्या. निळे कपचे उडाले. स्वरूपाचे डोळे भरले. "रंग आवडला न्हाय व्हय, आत्या?" ती म्हणाली. तिने मला उचललं आणि खरवडलेल्या जागी तिसरा हात मारला. मी ओरडावं तर मला तोंड कुठलं? होतं ते लांबीने बुजवलेलं. आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, दोघी गच्च बंद होतो, आणि एकमेकींना नुसत्या बघत होतो.

त्यानंतर जयवंताबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई रबरी चेंडू देऊन गेल्या, तो त्यांनी दाबला नाही. जेवण दोन घासांवर आलं. एकदा सर्जेराव ओसरीत हळूच म्हणाले, "डोस्क्यावर परिणाम झालाय तिच्या. आता काय समजत न्हाय तिला." पण ओसरी ती किती लांब? जयवंताबाईंनी ते ऐकलं. त्यांची पाठ हलली, ते मी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी तो एक शब्दही बोलायचा सोडला.

इकडे महिला मंडळाचं टाकाऊतून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन इंदापूरला भरणार होतं. स्वरूपाने पाठवलेला माझा फोटो बघून तिथल्या एका बाईंनी मला मागून घेतलं होतं. प्रदर्शन झालं की मी त्यांच्याच घरी राहणार होते. आत्यांना आवडत नाही तर ठेवून काय करायचं, असं स्वरूपाला वाटलं. रविवारी मी जाणार होते, जयवंताबाईंचे दोरे पोटात घेऊन, आणि ते कुणाला कधीच कळणार नव्हतं.

शनिवारी दुपारी सारजाबाई आल्या. जयवंताबाईंची जुनी मैत्रीण, लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने लांब गेली होती. स्वरूपाने तिच्यापुढे मन मोकळं केलं. "सारजाकाकी, आत्या सारख्या खण मागत हुत्या. दिला की फेकायच्या. आता तर बोलतच न्हाईत."

सारजाबाईंनी कोपऱ्यातला खणांचा ढीग बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अगं पोरी, ह्यो खण न्हवं गं! पेटीला खालच्या अंगाला खण हाय की. माझं माप हाय त्यात. पेटी कुटं हाय?"

"चाळीस वर्सं पेटी घरात हाय," सर्जेराव म्हणाले, "आन् मला कसं म्हाईत न्हाय?"

"तुमी कदी एक बटन तरी लावलंया का, भावजी?"

स्वरूपाने मला खाली घेतलं. इंदापूरला न्यायला बांधलेला कागद फाडला. सुरी आणून तिने स्वतःच्याच फुलांवरून ती ओढली, एकदा, दोनदा, दहादा. लांबीचा भुगा पडला. सारजाबाईंनी मला उलटं करून पाठीत दोन धपाटे घातले. कडकन आवाज झाला आणि खण सुटला. मित्रांनो, दोन महिन्यांनी आत उजेड आला!

स्वरूपाने खण तसाच जयवंताबाईंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसून रडली. "आत्या, माझं चुकलं. तुमी सांगत हुता, मलाच कळंना."

जयवंताबाईंनी दोरे बघितले. मग सर्जेरावांकडे बघितलं, चांगलं रोखून. सर्जेरावांनी मान खाली घातली.

त्यानंतर जयवंताबाईंनी दोरे बाजूला सारून एक कोरा दोरा काढला आणि सुनेला उभं राहायची खूण केली. स्वरूपा लग्न होऊन आली त्याला सात वर्षं झाली, पण ती झंपर बारामतीला शिवायची. तिचा दोरा माझ्याकडे नव्हताच. जयवंताबाईंनी डाव्या हाताने दोरा तिच्या खांद्यावर धरला, माप घेतलं आणि चिमटीत पकडलं. गाठ मारायला दुसरा हात हवा होता. तो मांडीवर पडून होता.

"मी मारू व्हय गाठ?" स्वरूपाने विचारलं.

त्यांनी मान हलवली, नाही. दोऱ्याचं टोक दातांत धरलं. दोरा निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं नाही. शेवटी गाठ बसली. थोडी वाकडी, पण पक्की.

मी इंदापूरला गेले नाही. माझा तळ आता सोलपटलेला आहे आणि फुलं अर्धी उडाली आहेत, पण मला नटून राहायची हौस कधीच नव्हती. मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तूंना जरूर नवं रूप द्या, आम्हांलाही ते आवडतं. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी ती वस्तू ज्यांची आहे त्यांच्याजवळ बसा. त्यांना बोलता येत नसेल तर जरा जास्त वेळ बसा.

जयवंताबाई दिवसाला एकच गाठ मारतात, त्याहून जास्त होत नाही. स्वरूपाच्या दोऱ्याला काल तिसरी बसली. अजून बाही आणि गळा राहिला आहे.