हेडफोनसकट

मी फोटो स्टुडिओत काम करते. फोटो काढत नाही, पुसते. कुणाची ढेरी कमी कर, कुणाच्या डोक्यामागची वायर घालव. दिवसभर कॉम्प्युटरसमोर गप्प बसायचं, आणखी काय हवं?

परवा आमचाच फोटो माझ्याकडे आला. ताईचं लग्न ठरलंय. सासरची मंडळी घरी येणार, म्हणून आईला हॉलमध्ये सगळ्यांचा फोटो लावायचाय. आई, बाबा, माझ्या खांद्यावर हात टाकलेली ताई आणि टोकाला मी. कानांवर मोठे लाल हेडफोन, हात फडफडल्यामुळे पुसट आलेले. मी खूश झाले की माझे हात फडफडतात. चार लोकांत आई ते पटकन धरून ठेवते.

आई स्टुडिओत येऊन शेजारी बसली. "तेवढे हेडफोन काढ गं. आणि हात सरळ कर. तुझ्या तर हातचा मळ!"

"का?"

"लोक नाही नाही ते विचारतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी ऑटिस्टिक आहे, आई. त्यात झाकायचं काय?"

"जीभ बघा हिची! ताईसाठी एवढं कर."

डोकंच फिरलं माझं. तरी हेडफोन पुसले, तिथे कान बसवले, हात सरळ केले. झाली एक शहाणी मुलगी तयार! पण ढेरी कमी केली तरी तो माणूस तिथे असतोच. ही बया तिथे नव्हतीच. त्या दिवशी दिव्यांचा लखलखाट, फोटोग्राफरच्या टाळ्या, बाहेर हॉर्न. हेडफोन नसते तर मी केव्हाच पळाले असते.

मग मी तिलाही पुसलं.

"अगं बाई! तू कुठे गेलीस?"

"हेडफोन काढायला सांगितलेस ना? त्यांच्याशिवाय मी तिथे थांबलेच नसते."

स्क्रीनवर ताईचा हात रिकाम्या हवेत तसाच होता. आईने तिथे बोट टेकवलं.

"परत आण तिला."

"कशी?"

"हेडफोनसकट." तिने पर्स उघडली, उगाचच बंद केली. "आणि हात राहू देत. खूश होतीस ना तेव्हा?"

"खूप."

माझे हात तिथेच सुरू झाले. स्टुडिओवाले काका बघत होते, दोन गिऱ्हाइकंही बघत होती. आईने हात धरले नाहीत.