ताडीचा वास नव्हता

चिखल्याच्या चिकूवाडीत औषध फवारून नारू घरी आला तो झोकांड्या खातच. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा.

"ढोसली वाटतं ताडी! झोपू दे मेल्याला," जिवलीची सासू म्हणाली.

जिवलीला काही उमजेना. ताडी प्यायला की नवरा गाणी म्हणायचा. आज त्याची जीभच वळत नव्हती. अंगाला वास येत होता तोही लसणासारखा उग्र. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. प्यायलेल्याचे डोळे असे होतात का?

तेवढ्यात त्याने सवयीने बाळासाठी हात पसरले. तिच्या कडेवरचं बाळ झेपावलं, आणि जिवलीला नवऱ्याचा औषधाने भिजलेला सदरा दिसला.

"आई, बाळाला धरा! ही ताडी नाही," म्हणत तिने सदरा ओढून काढला, हंडाभर पाणी नवऱ्याच्या अंगावर ओतलं आणि रिक्षासाठी रस्त्याकडे धावली.