सासऱ्याचं नाव आणि नवऱ्याचे बूट

तुर्दुमातच्या पायांविषयी आट-बाशीच्या खोऱ्यात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं, ते मात्र त्याच्या बायकोला, बुरुलसुनलाही आता धड सांगता येत नाही.

एकदा पलीकडच्या खोऱ्यातले शिकारी ताज्या बर्फात अस्वलाचा माग काढत निघाले. डोंगर चढले, डोंगर उतरले, आणि माग थेट बुरुलसुनच्या दारात येऊन संपला. आत तुर्दुमात अनवाणी बसून चहा पीत होता. हे खरंच घडलं, कारण त्या शिकाऱ्यांना चहा बुरुलसुननंच दिला. त्याच्या जुन्या बुटात कोंबडी अंडी उबवायला बसली आणि पिल्लांना पंख फुटेपर्यंत बाहेर आणखी जग आहे हे कळलंच नाही, असंही म्हणतात. आणि लग्नात धाकट्या मेव्हणीनं, जिपारनं, नवरदेवाचे बूट पळवले खरे, पण लपवायला जागा मिळेना. शेवटी तिनं ते अंगणात ठेवून वर खोगीर टाकलं. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं घोडं समजून त्याला गवत घातलं.

नुसतं मोठं पाऊल असतं तर काही अडलं नसतं. मोठे बूट बाजारात ढिगानं मिळतात. पण तुर्दुमातचा चवडा घमेल्यासारखा, आणि टाच बघावी तर एखाद्या नाजूक बाईची. वर पावलाला उंटासारखा उंचवटा, आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. चवड्याच्या मापाचा बूट घेतला की टाच आत घंटेच्या लोलकासारखी हलायची आणि फोड यायचे. टाचेच्या मापाचा घेतला की बोटं एकमेकांच्या डोक्यावर चढून बसायची. फौजी बूट झाले, चिनी बूट झाले. शहरातल्या पुतण्यानं पाठवलेले भारीतले शिकारी बूट तर त्यानं सुरीनं पुढून कापून बोटांना खिडकी केली. मग खिडकीतून बर्फ आत आला.

आणि त्याला चालावं तर लागायचंच. लांडग्यांच्या मागावर खिंडीपर्यंत घोडा जातो. पुढे सगळे सुटे दगड. तिथं घोडा घातला तर घोडाही जातो आणि वरचाही. पुढे पायीच. दर हिवाळ्यात गावाची टोळी निघायची आणि पुढे तुर्दुमात असायचा, कारण दगडावरून लांडगा गेला की वारा, ते त्याला नुसतं बघून कळायचं. पण गेल्या हिवाळ्यात तो खिंडीवरूनच परतला. मोजे काढले तर रक्तानं पायाला चिकटलेले. लांडगे वाचले, आणि वसंतात त्यांनी गावाची शिंगरं फाडली.

या वर्षी बर्फ पडायच्या आधीच मुरातालीनं तोंड उघडलं. मुराताली म्हणजे जिपारचा नवरा, तुर्दुमातचा साडू. नेम चांगला, आवाज त्याहून मोठा.

"साडूभाऊ," तो सगळ्या म्हाताऱ्यांसमोर म्हणाला, "यंदा तुम्ही घरी बसा. पुढे मी होतो. तुमच्यासाठी पायाचं मटण राखून ठेवू."

म्हातारे हसले. एकानंही नको म्हटलं नाही. पहिला बर्फ पडू दे, मग बघू, एवढंच ठरलं.

तुर्दुमात घरी आला आणि चुलीपाशी बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. बुरुलसुननं कणीक मळली तर म्हणाला सैल झाली. शेण वाळत घातलं तर म्हणाला जवळजवळ घातलंस. हा माणूस डोंगरावर गेला नाही तर सगळा हिवाळा असाच बसणार, आणि मग एक तर हा जगेल नाही तर आपण, हे बुरुलसुनला स्वच्छ दिसलं. त्यातून रात्री तो पाय पांघरुणाबाहेर काढून त्यांच्याकडे असा बघायचा, जसं कुणी भांडून बोलणं टाकलेल्या भावाकडे बघतं. ते तिला जास्त लागलं.

"अहो, बाजारात कासेयिन आहे ना, बूट शिवणारा. त्याला पाय दाखवा."

"मी माझे पाय कुणाला दाखवत नाही."

"अख्खं खोरं त्या पायांवर गोष्टी सांगतंय, आणि तुम्ही लपवताय कुणापासून?"

"बघितले नाहीत म्हणून गोष्टीच सांगतात," तुर्दुमात म्हणाला आणि मोजे वर ओढले.

मग बुरुलसुन एकटीच गेली. आणि इथं घोटाळा झाला.

तिच्या सासऱ्याचं नाव केंगबाय. केंग म्हणजे तिकडच्या भाषेत रुंद. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि नावातला शब्दही तोंडात आणायचा नसतो. लग्न होऊन आली त्या दिवसापासून बुरुलसुनच्या तोंडून 'रुंद' हा शब्द हद्दपार झाला. त्याच्या जागी ती 'मोकळं' म्हणायची. नदी मोकळी, कढई मोकळी, शेजारीण कमरेत मोकळी. घरात सगळ्यांना कळायचं. कासेयिन काही घरातला नव्हता.

"बूट मोकळा हवा, दादा. चांगला मोकळा," ती म्हणाली.

कासेयिननं तोंडातला दोरा काढला. "मोकळा म्हणजे कुठं मोकळा, वहिनी? तोंडाशी?"

बुरुलसुनच्या डोळ्यांपुढे बुटाचा पुढचा भाग होता, जिथं बोटं असतात. तोंड ते तेच, नाही का?

"हो हो, तोंडाशीच! तिथंच तर सगळी अडचण आहे."

"किती?"

तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. कासेयिन थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. माणसाच्या पोटऱ्या फार जाड असाव्यात, असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याच्या पोटऱ्यांबद्दल बाईला जास्त विचारणं त्याला बरं दिसेना. टाच बारीक हवी, हे मात्र तिनं नीट सांगितलं, आणि त्यानंही ते नीट ऐकलं.

बूट आले. काम देखणं होतं. टाच बारीक, चवडाही तसाच बारीक, आणि वर नळीचं तोंड एवढं मोठं की बुरुलसुननं आत डोकावून पाहिलं तर आतून तिचाच आवाज परत आला. तुर्दुमातचा पाय निम्म्यात अडकला. बाकीच्या बुटात गुडघा, मांडी आणि वाटलं असतं तर एखादं कोकरू मावलं असतं. जिपारनं ते करून पाहिलंच. कोकरू आत बसलं आणि बाहेर यायला तयार होईना.

"दाजी, झकास झालं!" ती पोट धरून म्हणाली. "बर्फात पाण्याच्या बादल्या न्यायला नकोत. एका पायात पाणी, एका पायात दूध!"

"जिपार, पुरे," बुरुलसुन म्हणाली. तुर्दुमातनं कोकराला बाहेर काढलं, बूट दाराआड उभे केले आणि चुलीपाशी जाऊन बसला. डोंगरांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं होतं.

बुरुलसुननं आता तोंडाच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. शेडच्या भिंती लिंपायच्या होत्याच. तिनं अंगणात माती कालवली, भुसा टाकला आणि हाक मारली, "अहो, चिखल तुडवायला या. माझ्यानं होत नाही."

चिखल अनवाणीच तुडवतात. तुर्दुमात उतरला. तो तुडवत असताना तिनं आणखी एका कोपऱ्यात घट्ट गोळा थापून सपाट केला.

"आता इथं उभे राहा."

"इथं कशाला?"

"कशाला म्हणजे? राहा. आणि ही पिठाची गोणी खांद्यावर घ्या."

"चिखल तुडवायला गोणी लागते?"

"मऊ होतो लवकर."

गोणी घेतली की पाऊल पसरतं, हे तिला माहीत होतं. डोंगरावर तो रिकाम्या हातानं थोडाच जातो. तुर्दुमात गोणी घेऊन उभा राहिला, खाली बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. पण गोणी खांद्यावर असताना माणूस भांडत नाही. त्यानं दुसरंही पाऊल ठेवलं आणि उतरला.

ते दोन ठसे तिनं फावड्यानं उचलले, फळीवर ठेवले आणि उन्हात वाळवले. बाजारात मेंढा विकायला सासरे निघाले होतेच, त्यांच्या गाडीत ती फळी मांडीवर घेऊन बसली. केंगबाय म्हातारा दिसायला वाळकुटा, पण कान तिखट. त्यानं वाटभर काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "सूनबाई, कुणाच्या डोक्यात घालायला नेतेयस हे?"

मेंढ्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत म्हातारा कासेयिनच्या दुकानाबाहेर ओळखीच्यांशी बोलत उभा राहिला. आत कासेयिननं ठशावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"माती वाळली की आकसते, वहिनी. बघा, भेगा गेल्यात. हे पाऊल याच्याहून किती मोठं, हे मला कसं कळणार? आणि मागच्या वेळी तुम्ही म्हणालात तोंड मोकळं. मी मोकळं केलं."

"ते तोंड नव्हे हो! हे इथं. हे मोकळं हवं."

"मोकळं म्हणजे सैल? पाय आत हलायला हवा?"

"हलायला नको! हलला की फोड येतात! मोकळं म्हणजे... उंच नाही, लांब नाही, सैल नाही... अहो, नदी पावसात जशी होते तशी!"

"ओली?"

बुरुलसुनच्या डोळ्यांपुढे चुलीपाशी बसलेला तो माणूस आला. तिनं डोळे मिटले.

"केंग!" ती ओरडली. "केंग हवं, केंग! चवडा केंग!"

बाहेरचं बोलणं थांबलं. दाराचा पडदा बाजूला झाला आणि केंगबायनं डोकं आत घातलं.

"काय गं पोरी, मला हाक मारलीस?"

बुरुलसुननं डोक्यावरच्या रुमालाचा पदर तोंडावर ओढला आणि चामड्याच्या ढिगामागे बसली. कासेयिन एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा ढिगाकडे बघत राहिला. मग त्याला उलगडलं, आणि हसू दाबता दाबता त्याच्या हातातली आरी खाली पडली.

"म्हणजे मोकळं म्हणजे रुंद होतं! अरे देवा! आणि मी त्या माणसाला विहिरी शिवून दिल्या!"

"चुकून आलं तोंडात, मामंजी," ढिगामागून आवाज आला.

"चुकून कुठं? चारदा आलं," म्हातारा म्हणाला. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "माझं नाव आता घेतं कोण? बरोबरीचे सगळे गेले. तू घेतलंस तर मला वाटलं माझी आईच बोलावतेय." मग त्यानं स्वतःचा बूट काढला आणि पाय कासेयिनच्या पुढ्यात ठेवला. "हे बघ. पोरगा माझ्याहून बोटभर रुंद. हाड उजव्या पायाला. पण तू शिवायच्या आधी तो स्वतः येईल."

"ते येत नाहीत, मामंजी."

"माझ्या सुनेला माझं नाव घ्यावं लागलं, आणि याला मोजे काढायला लाज वाटते? येईल."

तुर्दुमात आला. बापानं काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण तो मान खाली घालून आला, बसला आणि मोजे काढले. कासेयिन हसला नाही. घोड्याचा खूर धरावा तसा त्यानं पाय मांडीवर घेतला, हाड चाचपलं, कमानीखाली अंगठा दाबला.

"इथं दुखतं?"

"उतरताना."

"कमानीला खालून आधार नाही म्हणून. पाऊल खचतं, पुढे सरकतं, बोटं आपटतात. लोक म्हणतात बूट लहान आहे आणि मोठा घेतात. मग आणखी सरकतं."

तुर्दुमातनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या पायांची गोष्ट न सांगता पायांबद्दल बोलत होतं.

कासेयिननं कलबुतावर, म्हणजे बुटाच्या लाकडी साच्यावर, पुढून चामड्याचे तुकडे चिकटवले, हाडाच्या जागी एक फुगवटा केला, आणि टाचेशी कलबूत उलट तासून काढलं. टाचेला याकचं कातडं दुहेरी, कडक. कमानीखाली भूर्जाच्या सालीचे थर. तळ जुन्या ट्रकच्या टायरचा. उंचवट्यावरून नाडी अशी बांधायची की घोटा जागेवर राहील आणि बोटांना सुट्टी. कच्चा बूट चढवून त्यानं तुर्दुमातला दुकानामागच्या उतारावर नेलं आणि केंगबायचा न विकला गेलेला मेंढा त्याच्या खांद्यावर दिला.

"उतरा. बोटं पुढे लागली?"

"नाही."

"चढा. टाच उचलली?"

तुर्दुमात चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. मेंढा ओरडायला लागला तरी थांबेना.

"दादा, तुम्ही त्यांना विचारलंत," मागोमाग आलेली बुरुलसुन म्हणाली, "आणि उत्तर मेंढा देतोय."

"नाही उचलली," तुर्दुमात म्हणाला. मग आणखी एकदा उतरून आला, उगीच.

पहिला बर्फ पडला. म्हातारे जमले. मुराताली नवे चकचकीत बूट घालून सगळ्यांच्या पुढे घोडा काढून उभा होता. तुर्दुमात घोड्यावर बसला, त्याच्या शेजारी आला आणि खिंडीच्या दिशेनं निघाला. म्हाताऱ्यांनी कुणालाच अडवलं नाही. खिंडीत कोण पुढे राहतं ते तिथंच ठरणार होतं.

बुरुलसुननं त्या दिवसांत शेड साफ केलं, कणीक सैल मळली आणि कुणी टोकलं नाही म्हणून चिडचिड केली. जिपार येऊन बसायची. "अक्का, ते परत येतील बघ," ती म्हणायची, आणि लगेच, "आले तर," असंही म्हणायची. स्वतःच्याही नवऱ्याची काळजी होती तिला, पण टोमणा मारल्याशिवाय तिला ती दाखवता यायची नाही.

टोळी उतरताना दिसली तेव्हा बुरुलसुननं आधी घोडे मोजले नाहीत की लांडगे बघितले नाहीत; ती नवऱ्याचे पाय शोधत होती. मुराताली घोड्यावर होता, लांडगा त्याच्याच खोगिराला बांधलेला, गोळी त्याचीच. तुर्दुमात सगळ्यांच्या पुढे, लगाम हातात धरून पायी येत होता. घोडा रिकामा.

"घोडा लंगडतोय?" ती धावत गेली.

"नाही."

"मग चालताय कशाला?"

"असंच," तुर्दुमात म्हणाला.

तिनं त्याला दारातच बसवलं आणि नाड्या सोडल्या. मोजा निघाला, आणि त्याला काहीच चिकटलेलं नव्हतं. टाच कोरडी. बोटं आपापल्या जागी. हाडावर थोडा लाल डाग, बस. तिनं दुसरा पाय बघितला, मग पहिला पुन्हा बघितला.

मुराताली घोड्यावरून उतरला, नव्या बुटांत फेंगडत दोन पावलं आला आणि दाराशी थांबला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, आणि नेहमीपेक्षा बराच हळू म्हणाला, "त्या पलीकडच्या कड्यावर लांडग्यांची आणखी एक जोडी आहे. माग तुम्हीच बघितलात. परत कधी निघायचं?"

तुर्दुमातनं बुरुलसुनकडे बघितलं. तिच्या हातात अजून त्याचा पाय होता.

"परवा," तो म्हणाला. "आणि मुराताली, तू उद्या कासेयिनकडे जाऊन ये. बायकोला पाठवू नकोस. स्वतः जा."