खुशालची पारख

शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल पारखावा तर सौंदडच्या खुशालनं, हे आजूबाजूच्या गावांना मान्य होतं. खुशालला तर जरा जास्तच मान्य होतं. म्हणून पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरींना ट्रेनर पाहायचा ठरला, तेव्हा गावानं ते काम त्याच्याच गळ्यात टाकलं. त्या पोरींत त्याची आचलही होती.

आधी आली गोंदियाची दीप्ती. अंगानं काडी. आल्या आल्या तिनं आचलचे घोटे चाचपले. "काका, हिला आधी कुठं लागलं होतं का? जेवते कशी? झोप होते?" खुशालला हे पटलं नाही. बाजारात घेणारा विचारतो, बैल विचारत नाही.

मग आला नंदलाल. रुंद छाती, भरलेली मान, टणक पोटऱ्या, गळ्यात शिटी. खुशालनं त्याला अंगणात चार पावलं चालवून पाहिलं. दात पाहायचे तेवढे लाजेखातर टाळले.

"हाच घ्यावा म्हनतो," तो बायकोला म्हणाला.

"भरतीत तो धावनार हाय का आचल?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"तुले काय समजते वो यातलं!"

नंदलाल धावायचा झकास, पोरी मागे. धान कापलेल्या बांधीत आचलचा घोटा मुरगळला, तर हा म्हणाला, "दर्द होता है तो होने दो! धावल्यानंच मोकळा होते!" पोरगी लंगडत धावली. शेताच्या धुऱ्यावरून बाप पटात ओरडावं तसा "हो बेटा, हो!" करत राहिला. घोटा वांग्याएवढा झाला.

शेवटी आचल मातीतच बसली. "बाबा, तुमचा बैल लंगडला तं त्याच्या मानेवर जू ठेवता का जी?"

खुशालला आपला सर्जा बैल आठवला. मागं सर्जा लंगडला, तेव्हा भरल्या पटातून त्यानं जोडी माघारी आणली होती, हळद-चुना लावत गोठ्यातच निजला होता. मग ती अक्कल पोरीच्या वेळी कुठं चरायला गेली? त्याला स्वतःची लाज वाटली आणि पोरीकडं पाहवेना.

मिळाली त्या पहिल्याच गाडीनं तो आचलला घेऊन दीप्तीकडं गेला. तिनं आधी पायाचा फोटो काढून आणायला लावला. हाड शाबूत होतं.

"आता धावणं बंद," ती म्हणाली.

"म्याडम, भरती डोक्यावर येऊन राहिली!"

"म्हणूनच, काका. धावेल का नाही, ते तिचा पाय सांगेल. मी आज सांगणार नाही."

दीप्तीनं आधी आचलला बसवलं, मग चालवलं, मग हळूहळू धाववलं. पाय तयार झाला. आचल भरतीत धावली आणि निवडली गेली.

पुढल्या साली कोहमाऱ्याचे केशोराव आले. "खुशालभाऊ, आमच्या पोरींसाठी ट्रेनर पाहाचा हाय. काय पाहावं?"

"जो धाववाच्या आधी बसवाले सांगते, तो पाहा."

"मंग तुमीच चाला ना पाहाले."

"येतो ना," खुशाल धोतर सावरत उठला. "मले जो पसंत पडन, त्याले सोडून दुसरा घ्या."