कमानीतले सोयरे

पोलीस ॲक्शननंतर तळ्याकाठचा निजामाच्या वेळचा शिकारबंगला स्काऊट कॅम्पला मिळाला. त्याची पाण्याकडची कमान पडायला आली, तेव्हा ती उतरवून पुन्हा उभी करायचं काम कन्नडच्या कडूबा गवंड्यानं अंगावर घेतलं. कमिटीनं बजावलं होतं, मेळाव्याआधी कमान होती तशी उभी राहिली तर ठीक, नाहीतर तिथं पत्र्याचं शेड. ती कमान कडूबाच्या बापानं बांधलेली.

उतरवताना त्यानं अकरा दगडांवर गेरूनं रेघा ओढल्या. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. अक्षरांशी त्याचं कधी जमलं नव्हतं. शिवाय गडी हौशी, तोंडावळा बघून दगडांना सोयऱ्यांची नावं ठेवली. नाक फुटलेला तात्या, पोट सुटलेली द्वारकाबाई. चुना मुरेपर्यंत रोज जेवताना तो बायकोला, लक्ष्मीबाईला, कमानीत कोण कुणाच्या शेजारी ते रंगवून सांगायचा.

आणि स्काऊटांनी घात केला. स्काऊटानं रोज एक तरी चांगलं काम करायचं असतं. त्या गुणी पोरांनी एका सकाळी अकराही दगड काथ्यानं घासून लख्ख केले आणि कडूबाला सलाम ठोकला.

आता त्यांना रागवायचं तरी कसं? कडूबा दगडांपुढं मटकन बसला. तोंडं ओळखू येत होती, पण त्या धक्क्यानं क्रम डोक्यातून साफ गेला होता. दुपारी लक्ष्मीबाई भाकरी घेऊन आली, तेव्हाही तो तसाच बसलेला.

"त्यात काय!" सगळं ऐकून ती म्हणाली. "तात्याच्या बगलंला आप्पा, मंग द्वारकाबाई. म्हाळसा पार पल्याड, दोघींचं पटत नाय म्हून. लई दिस ऐकलंय मी."

कडूबा बघतच राहिला. ही आपली नुसतं हूं हूं करते, असं त्याला वाटायचं. चाळीस वर्षं संसार केला आणि एवढंही कळलं नव्हतं शहाण्याला.

लक्ष्मीबाई सांगत गेली, तो लाकडी साच्यावर दगड चढवत गेला. शेवटी मधोमध कळीचा दगड बसवला, ज्याच्या जोरावर बाकीचे उभे राहतात. मेळाव्याच्या आदल्या दिवशी साचा काढला. कमान तसूभर हलली नाही.

"समदे वळखीचे," लक्ष्मीबाई वर बघत म्हणाली. "मधल्याचं नाव तेवढं कधी सांगितलं नाय तुमी."

कडूबा थापी पुसू लागला. "घरच्या माणसाचं नाव घेत्यात व्हय?"

लक्ष्मीबाईनं तोंडाला पदर लावला आणि त्या दगडाकडं पुन्हा एकदा मान वर करून पाहिलं.