लाँड्रीवाल्या मावशींचा पहारेकरी

मित्रांनो, मी काडेपेटीएवढं एक जुनं यंत्र आहे. आज स्टीलच्या ट्रेमध्ये पडून आहे. पण माझी सगळी नोकरी लाँड्रीवाल्या मावशींच्या डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली झाली. त्यांचं हृदय अचानक भरकटलं, तर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. पहिल्यांदा केलं, तेव्हा मावशींनी मला नातवासारखं थोपटलं होतं. पुढे मला विसरल्या. तपासणीला जाणंही सोडलं.

मग माझी बॅटरी उतरत आली. अशा वेळी मी रोज सकाळी पींऽ पींऽ करतो. पण लाँड्रीत सगळंच पींऽ पींऽ करतं हो! धुणं झालं की एक मशीन ओरडतं, वाळलं की दुसरं. मावशींनी मेकॅनिकला फैलावर घेतलं. "कोपऱ्यातला ड्रायर दुरुस्त केलास, की माझ्या डोक्याला ताप करून ठेवलास?"

बिचाऱ्याने ड्रायर पार खोलला. मी जीव तोडून ओरडतोय आणि हे स्क्रू पिळतायत! माझा नुसता संताप झाला.

शेवटी त्याने सगळी मशीनं बंद केली. दुकान गप्प झालं आणि मी वाजलो.

"मावशी, आवाज तुमच्यातून येतोय."

"मेल्या, मी काय ड्रायर आहे?" मावशी हसल्या. हसता हसता त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

त्याने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. तिथे पायऱ्यांवरच हृदय भरकटलं. मावशी कोसळल्या. झटका देण्याआधी मला वीज साठवावी लागते. पूर्वी ती चुटकीसरशी साठायची, आता साठता साठेना. मेकॅनिक "मावशी! मावशी!" करत होता. मित्रांनो, मी खरंच घाबरलो होतो. आणखी थोडी, आणखी थोडी... आणि दिला झटका!

"कोण मेला लाथ मारतोय?" मावशी कण्हल्या. इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती.

आता माझ्या जागी नवं यंत्र आहे. बॅटरी उतरली की ते स्वतःच दवाखान्याला कळवतं. हृदय भरकटण्याआधीच ओळखणारी यंत्रं बनवायची खटपटही चालू आहे म्हणे.

"म्हणजे मी आता निर्धास्त," मावशी म्हणाल्या.

"ते आम्हाला कळवेल, आम्ही तुम्हाला फोन करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही उचललाच नाहीत तर?"

मावशींनी पिशवीच्या तळातून कायम बंद असणारा फोन काढला, चालू केला आणि उशाशी ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या छातीत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची विचारपूस करा. तो कितीही हुशार झाला, तरी हाकच मारू शकतो; ओ द्यायला माणूसच लागतं.