भावकूच्या जागी कोण बोलणार

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला आणि रवळूच्या तोंडाला जन्माचं कुलूप लागलं. पण हे तूर्त घडलंच नाही असं धरून चला. अजून ऊन चढतंय, मार्कंडेय नदीच्या काठी अर्धंअधिक उचगाव गोळा झालंय, भाताचा पिंड वाळत चाललाय आणि चिंचेवरचे कावळे खाली बघायलाही तयार नाहीत.

मेला तो भावकू. बेळगावच्या तंबूत मुकी चित्रं हलायची आणि पडद्याशेजारी उभा राहून त्यांची बोलणी हा बोलायचा. राजाची, राणीची, राक्षसाची, सगळी. त्याची राणी अस्सल उचगावची. राक्षसाला "हात लाव की रं मुडद्या, लावून तर बघ" म्हणायची आणि तंबूतल्या बाया तोंडात पदर कोंबून हसायच्या. काही लोकांना पडद्यामागं बसून चित्र उलटं बघावं लागे, पण तेही कुरकुरत नसत. आवाज दोन्हीकडून सुलटाच यायचा.

रवळू त्याच पडद्यामागं नऊ वर्षं बसला होता. घोडा धावला की करवंट्या वाजवायच्या, वीज पडली की पत्रा. भावकूनं त्याला एकदा साधं खिंकाळूसुद्धा दिलं नाही. "तोंड माझं, पाय तुझं," म्हणायचा. भावकू तापानं गेला तेव्हा रवळू मोठ्यानं रडला, पण रडता रडता आपला आवाज कुठवर जातो तेही बघून घेतलं.

तंबूचे मालक बाळगोंडा आप्पा, निपाणीचे जैन. त्यांनी रवळूला शब्द दिला होता, "दहावं होऊ दे. अकराव्याला तू बोल." त्यामुळं कावळ्याची सगळ्यात जास्त घाई रवळूला होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

"भावकूअण्णा, तुझ्या म्हशीला मी बघतो," यल्लाप्पा पिंडाशेजारी बसून हात जोडत म्हणाला. यल्लाप्पा भावकूचा एवढा भक्त, की भावकूला ताप चढला तेव्हा हुडहुडी ह्याला भरली होती. त्याचा काळा कुत्राही शेजारी बसून पिंडाकडं तितक्याच भक्तीनं बघत होता.

कावळे ढिम्म.

"म्हशीचं न्हवतंच त्येला काय," भावकूची बायको नागुबाई म्हणाली. "माझं बी न्हवतं. घरात तोंडातनं शब्द काढंल तर शपथ."

रवळू भटजींच्या कानाशी लागला. "दर्भाचा कावळा करून उरकता येतंय म्हणं?"

बोलला हळूच, पण दुःखात बुडालेल्या माणसांचे कान लई तिखट असतात.

"गवताचा कावळा? भावकूअण्णाला?" यल्लाप्पा बसल्या जागेवरून कडाडला. "तुझ्या मर्तिकाला कर गवताचा! आणि खांदा द्यायला माणसं बी गवताचीच बघ!"

मग जे करायला नको तेच रवळूनं केलं. पुढं झाला, छाती भरून घेतली आणि थेट भावकूच्या आवाजात कावळ्यांना हाक दिली, "या की रं लेकांनो! का तिकीट पायजे?"

आवाज हुबेहूब होता. इतका, की एक म्हातारी पिंडाला म्हणाली, "आलास व्हय रं?"

नागुबाईनं ओल्या वाळूची मूठ रवळूच्या तोंडावर हाणली. "मेल्या माणसाच्या तोंडातलं चोरतोस, मुडद्या? अजून त्येचा पिंड हाय समोर!"

"आप्पा, तुमी तरी सांगा," रवळू वाळू थुंकत म्हणाला.

बाळगोंडा आप्पा लांब उभे होते. "आमच्यात पिंड न्हाय, कावळा बी न्हाय. पण गिऱ्हाइकाचा कावळा त्यो माझा कावळा."

यल्लाप्पाच्या डोक्यात आता उजेड पडला. "भावकूअण्णा, ऐक! तुझ्या जागेवर कोण बोलणार न्हाय. ह्यो तर मेला तरी बोलणार न्हाय!" असं ओरडत तो उठला आणि रवळूच्या अंगावर धावून गेला. धनी उठला तसा कुत्राही उठला, मागोमाग गेला.

चिंचेवरून कावळा उतरला. शिवला. नुसता शिवला नाही, बैठक मारून जेवला.

काठावर एकच हुंदका फुटला. "ह्येच अडलंतं बघा त्येचं!"

"कुत्रं उठलं म्हणून आला त्यो!" रवळू ओरडला. "कुत्रं बसलंतं तितं सकाळपासनं!"

"बघा," यल्लाप्पा त्याची गचांडी धरून लोकांना म्हणाला, "भावकूअण्णाच्या शेवटच्या इच्छेपरास ह्येला माझ्या कुत्र्याचं मोठं वाटतंय." आणि सगळ्यांच्या वतीनं त्यानं रवळूच्या दोन थोबाडीत दिल्या.

अकराव्याला तंबू गच्च भरला. चित्र हसायचं होतं. पडद्यावर एक लठ्ठ सावकार शेणात पडला, पडद्याशेजारी बोलायला कुणी नव्हतं, आणि अख्खा तंबू हमसून हमसून रडला. रवळूनं घोड्यासाठी करवंट्या वाजवल्या तर दोन्हीकडून दटावणी आली, "हळू रं! दुखवटा हाय."

"आप्पा, हे असं कवर चालायचं?" रवळूनं विचारलं.

"हसायला यायचे, ते रडायला आले," आप्पा म्हणाले. "आले न्हवं?"

दुसऱ्या दिवशी रवळूनं कचेरीबाहेर बसून अर्ज लिहवून घेतला:

"मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे हुजुरास. अर्जदार रवळू, राहणार उचगाव, अर्ज करतो ऐसाजे: मयत भावकू याची शेवटची इच्छा म्हणून गावात जे चालू आहे, ते एका कावळ्याच्या वर्तणुकीवरून काढलेले आहे. सदर वेळी यल्लाप्पाचा कुत्रा मोक्यावर हजर असल्याने कावळ्यावर दडपण होते. सबब सदर कावळ्याचा तपास लावून, त्यास समन्स बजावून कचेरीत हजर करावे, आणि कुत्र्यास बाहेर बांधून कावळ्याची जबानी नव्याने घ्यावी. निकाल होईतो अर्जदारास निदान घोड्यापुरते खिंकाळण्याची परवानगी असावी."